कण आधी, यंत्र नंतर: दळलेल्या धातुकातून धातू वेगळे करण्याची तोंडओळख

एखाद्या खडकात सोने, कथील किंवा शिसे असल्याचे कळले की या क्षेत्रात नव्याने उतरलेल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो यंत्राचा: कोणते घ्यावे, किती टनांचे घ्यावे, ते ताशी किती माल काढील. प्रश्न योग्यच आहे, पण त्याची पाळी बरीच उशिरा येते. विलगीकरणाचे कोणतेही यंत्र धातू ओळखत नाही. ते कणाची घनता, आकार, चुंबकत्व किंवा पृष्ठभाग यांपैकी एखादा गुण ओळखते आणि त्या गुणाच्या आधारे मालाचे दोन-तीन प्रवाह करते. आपला कण कोणता, तो केवढा आणि त्याला चिकटलेला शेजारचा कण त्याच्यापेक्षा कशात वेगळा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यंत्र निवडणे फारसे अवघड जात नाही. ज्याला ते ठाऊक नाही त्याचे महागडे यंत्रही नुसते पाणी आणि वाळू इकडून तिकडे नेत राहते. म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे.

काही शब्द आधी नक्की करून घेऊ. ज्या खडकातून धातू काढणे परवडते त्या खडकाला धातुक म्हणतात. त्यातला नको असलेला भाग, म्हणजे बहुधा क्वार्ट्झ, फेल्डस्पार, कॅल्साइट किंवा चिकणमाती, ही मृदा अशुद्धी. विलगीकरणानंतर हाती येणारा समृद्ध भाग म्हणजे संहत धातुक. कारखान्यात त्याला सर्रास कॉन्सन्ट्रेट म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे. टाकून द्यायचा भाग म्हणजे टेलिंग, आणि ज्यात खनिज व अशुद्धी अजून एकमेकांना चिकटलेली आहेत असा मधला भाग म्हणजे मिडलिंग. दळलेला माल आणि पाणी यांच्या मिश्रणाला स्लरी म्हणतात. आणखी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी: कॉन्सन्ट्रेट म्हणजे धातू नव्हे. कथिलाचे कॉन्सन्ट्रेट म्हणजे कॅसिटराइट, अर्थात कथिलाचे ऑक्साइड, आणि शिशाचे कॉन्सन्ट्रेट म्हणजे गॅलेना, अर्थात शिशाचे सल्फाइड. त्यांतून धातू मिळवायला पुढे भट्टी लागते. मोकळे सोने हा यातला ठळक अपवाद आहे, कारण ते खडकातच धातुरूपात असते.

नमुना घेणे

पहिली पायरी नमुन्याची आहे आणि बहुतेकांची पहिली चूकही येथेच होते. ढिगाच्या वरच्या थरातून, शिवाय चकाकणारे तुकडे वेचून आणलेला नमुना फक्त वेचणाऱ्याची आशा दाखवतो. ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून व खोलींतून माल घ्यावा, तो फोडून एका आकाराखाली आणावा, नीट मिसळून त्याचा शंकूसारखा ढीग करावा, तो चपटा करून त्याचे चार समान भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले दोन बाजूला काढावेत, आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हेच पुन्हा करावे. रिफल विभाजक, म्हणजे माल खाचांतून आपोआप दोन सारख्या भागांत वाटणारी पेटी, उपलब्ध असेल तर तो वापरावा, कारण त्यात हाताच्या कलाचा दोष कमी येतो.

सोन्याच्या बाबतीत नमुना किती मोठा असावा हे एका साध्या हिशोबावरून लक्षात येईल. टनामागे १ ग्रॅम सोने असलेल्या धातुकाच्या १ किलो नमुन्यात सरासरीने १ मिलिग्रॅम सोने असते. अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा एकच गोल कण सुमारे सव्वा मिलिग्रॅम भरतो. म्हणजे सोने तेवढ्या जाड कणांत असेल, तर १ किलोच्या नमुन्यात एक पूर्ण कण येईलच याचीही खात्री नाही. तो आला तर खाण श्रीमंत वाटते आणि न आला तर रिकामी वाटते. अशा धातुकासाठी दहा-वीस किलोंचे अनेक नमुने घेऊन ते संपूर्ण दळून धुऊन पाहावेत, कारण प्रयोगशाळेत मोजल्या जाणाऱ्या चिमूटभर भुकटीवर येथे विसंबता येत नाही.

कण कधी सुटा होतो

दळण्याचा हेतू खडक बारीक करणे हा नसून खनिजाचा कण अशुद्धीपासून सुटा करणे हा आहे. या दोन गोष्टी सारख्या वाटतात, पण त्या सारख्या नाहीत, आणि यातला फरक पुढे पैशांत मोजावा लागतो. नमुना सुमारे १ मिलिमीटरपर्यंत दळून १ मिलिमीटर, ५००, २५०, १५० आणि ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अशा चाळण्यांच्या उतरंडीतून चाळावा. प्रत्येक चाळणीवर उरलेला माल धुऊन, वाळवून दहापट भिंगाखाली किंवा शक्य असल्यास द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली पसरावा आणि खनिजाचे शंभर कण मोजून त्यांतले किती सुटे आहेत व किती अजून दगडाला चिकटलेले आहेत ते लिहून ठेवावे. ज्या चाळणीखाली बहुतेक कण सुटे दिसू लागतात तो आकार म्हणजे आपल्या धातुकाचा सुटण्याचा आकार, आणि पुढची सगळी निवड या एका आकड्यावर उभी राहते.

याच्याच जोडीने तळणी-तरंगणीची चाचणी करता आली तर चित्र अधिक स्पष्ट होते. सुमारे २.९ घनतेच्या जड द्रवात माल सोडला की क्वार्ट्झ वर तरंगतो आणि जड खनिजे तळाशी जातात. पूर्वी यासाठी ब्रोमोफॉर्म वापरत, पण त्याची वाफ विषारी असते. नवशिक्याने सोडियम पॉलिटंगस्टेटचे पाण्यातील द्रावण वापरावे. प्रत्येक आकारगटातला तळाशी गेलेला आणि वर राहिलेला भाग वेगवेगळा परीक्षणाला, म्हणजे त्यात धातू किती ते मोजायला, पाठवला, तर आदर्श यंत्राने या मालातून जास्तीत जास्त काय मिळू शकेल, याची कमाल मर्यादा यंत्र घेण्याआधीच कळते. यंत्रविक्रेत्याने त्या मर्यादेपेक्षा अधिक देण्याचे कबूल केले, तर त्याचे बोलणे किती मनावर घ्यायचे हेही तेव्हाच कळते.

घनतेचा फरक पुरेसा आहे का

नवख्याने सुरुवात गुरुत्वीय विलगीकरणापासून, म्हणजे जड आणि हलके कण पाण्यात वेगळे करण्यापासून, करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात रसायने लागत नाहीत, चूक डोळ्यांना दिसते आणि ती लगेच दुरुस्त करता येते. पण ही पद्धत आपल्या मालाला लागू पडेल का, हे आधी गणिताने तपासावे. जड खनिजाच्या घनतेतून पाण्याची घनता, म्हणजे १, वजा करावी. हलक्या खनिजाच्या घनतेतूनही १ वजा करावा. आणि पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागावे. भागाकार २.५ पेक्षा जास्त असेल तर सुमारे ७५ मायक्रॉनपर्यंतचे कण पाण्याच्या साहाय्याने सहज वेगळे होतात. १.७५ च्या आसपास असेल तर सुमारे १५० मायक्रॉनपर्यंत काम भागते, १.५ च्या आसपास आल्यास केवळ जाड कणच वेगळे होतात, आणि १.२५ च्या खाली गेल्यास या पद्धतीचा नाद सोडावा.

उदाहरणादाखल क्वार्ट्झची घनता २.६५ धरू. सोन्याची १९.३ आहे, म्हणून १८.३ ला १.६५ ने भागून सुमारे ११ मिळतात. गॅलेनाची ७.५ धरल्यास उत्तर ३.९ येते आणि कॅसिटराइटची ७ धरल्यास ३.६. ही तिन्ही खनिजे गुरुत्वीय पद्धतीची लाडकी का आहेत ते यावरून कळते. चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाची घनता सुमारे ४.२ आहे आणि उत्तर १.९ येते, शिवाय ते बहुधा फार बारीक कणांत विखुरलेले असते, म्हणून तांब्याच्या धातुकाला पाण्याखाली हलणाऱ्या टेबलापेक्षा फेनतरण, म्हणजे कण फेसात वर आणण्याची पद्धत, मानवते (दोन्ही पुढे येतात). येथे एक सावधगिरी घ्यावी. सोन्याचा कण क्वार्ट्झशी नव्हे तर पायराइटशी, म्हणजे लोहाच्या सल्फाइडशी, जोडलेला असेल, तर पायराइटची घनता ५ असल्यामुळे हलक्या बाजूचा आकडाच बदलतो, आणि सोने पायराइटच्या आत अतिसूक्ष्म रूपात अडकलेले असेल तर हे गणित सोन्याचे न राहता पायराइटचे होते.

दळण

मोठे दगड जॉ क्रशरमध्ये फोडून नंतर रोल क्रशर, रॉड मिल किंवा बॉल मिलमध्ये (आत पोलादी दांड्या किंवा गोळे असलेल्या फिरत्या पिंपात) बारीक करतात. फोडणे आणि दळणे यांचे तपशील हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे फक्त विलगीकरणावर परिणाम करणाऱ्या गोष्टी सांगतो.

गरजेपेक्षा बारीक दळलेला कण पुन्हा जाड करता येत नाही. कॅसिटराइट ठिसूळ असते आणि जास्त दळल्यास त्याची इतकी बारीक पूड होते की ती कोणत्याही टेबलावर न थांबता पाण्याबरोबर निघून जाते. सोने याउलट मऊ असते. ते फुटत नाही, तर पोलादी गोळ्यांखाली सापडून चपटे होते, आणि चपटा कण पाण्यात पानासारखा तरंगत जातो. म्हणून दळण टप्प्याटप्प्याने करावे: थोडे दळावे, सुटलेले जड कण लगेच काढून घ्यावेत, उरलेला माल पुन्हा दळावा. रॉड मिलमधल्या लांब दांड्या जाड कणांनाच आधी पकडतात, त्यामुळे तिच्यात बारीक पूड कमी होते आणि गुरुत्वीय पद्धतीसाठी ती बॉल मिलपेक्षा सोयीची पडते.

मिलमधून बाहेर येणारा माल पुरेसा बारीक झाला की नाही हे ठरवण्यासाठी शक्य तो चाळणी वापरावी. हायड्रोसायक्लोन, म्हणजे स्लरी गरगर फिरवून जाड आणि बारीक कण वेगळे करणारे शंकूसारखे भांडे, स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण तो आकाराबरोबर वजनही पाहतो. त्यामुळे बारीक पण जड असलेला सुटा कण जाड समजून पुन्हा मिलमध्ये पाठवला जातो, आणि आपल्याला हवे असलेले खनिजच सर्वांत जास्त वेळा दळले जाते. पुष्कळ लहान संयंत्रांतले न दिसणारे नुकसान येथेच होते.

चिखल काढणे आणि आकारवारी

सुमारे २० मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना, विशेषतः चिकणमातीला, स्लाइम म्हणतात. हे कण पाणी घट्ट करतात, जड कणांना खाली बसू देत नाहीत आणि टेबलाच्या पृष्ठभागावर साय धरल्यासारखे पसरतात. एका लिटरच्या काचेच्या भांड्यात स्लरी ढवळून ठेवावी; जाड कण बसल्यानंतरही वरचे पाणी दहा-पंधरा मिनिटे गढूळ राहिले, तर विलगीकरणाआधी चिखल धुऊन काढावा लागेल असे समजावे. मात्र तो फेकण्याआधी त्याचे परीक्षण करावे, कारण ठिसूळ खनिज असेल तर बराच धातू त्यातच गेलेला असतो.

उरलेल्या मालाची आकारवारी का करायची, याचे कारण समजून घेतले पाहिजे. पाण्यात खाली बसण्याचा वेग घनता आणि आकार या दोन्हींवर अवलंबून असतो. जाड कणांच्या बाबतीत क्वार्ट्झचा कण गॅलेनाच्या कणाच्या जवळजवळ चौपट व्यासाचा असला तर दोघे एकाच वेगाने खाली बसतात, आणि अतिबारीक कणांत हे प्रमाण दुपटीवर येते. म्हणजे आकारात मोठी तफावत असलेला माल एकत्र सोडला तर मोठी वाळू आणि लहान गॅलेना ही यंत्राला एकसारखीच वाटतात. जिगसाठी आणि स्पायरलसाठी (ही यंत्रे पुढे येतात) चाळून गट करणे पुरते. टेबलासाठी मात्र वर चढणाऱ्या पाण्यात माल सोडून गट करणारा हायड्रोसायझर अधिक चांगला ठरतो, कारण त्यातून एका गटात मोठे हलके आणि लहान जड कण एकत्र येतात, आणि नेमके हेच दोन कण टेबलावरच्या पाण्याच्या पातळ थरात सहज वेगळे होतात.

यंत्राची निवड

जाड मालासाठी, म्हणजे ३ ते १० मिलिमीटरच्या आसपास, जिग घ्यावा. जाळीवर जड खड्यांचा किंवा पोलादी छऱ्यांचा थर असतो आणि खालून पाणी ठरावीक लयीत उसळते. प्रत्येक उसळीबरोबर थर सैल होतो, जड कण त्यातून खाली सरकतात आणि हलके वरून वाहून जातात. दळणाच्या चक्रातच बसवलेला लहान जिग जाड सोने चपटे होण्याआधी पकडतो, म्हणून तो उपयोगी आहे.

सुमारे ३ मिलिमीटर ते ७५ मायक्रॉन या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर माल असेल तर स्पायरल पाहावा. पाच ते सात वेढ्यांच्या या नागमोडी पन्हळीला एकही हलता भाग नसतो. स्लरी उतरताना जड कण आतल्या कडेला गोळा होतात आणि पाणी व हलके कण बाहेरच्या कडेला फेकले जातात. इरा हम्फ्रीज यांच्या स्पायरलचा पहिला व्यापारी उपयोग १९४३ मध्ये क्रोमाइट असलेल्या वाळूवर झाला. आधुनिक स्पायरलचा एक पन्हळ ताशी साधारण १ ते ३ टन माल घेतो. त्याला वीज लागते ती फक्त पंपाला, पण कॉन्सन्ट्रेट फारसे शुद्ध मिळत नाही; म्हणून स्पायरलने ढोबळ काम करावे आणि टेबलाने ते पूर्ण करावे, अशी जोडी पुष्कळ ठिकाणी दिसते.

बारीक मोकळ्या सोन्यासाठी केंद्रापसारक कॉन्सन्ट्रेटर येतात. फिरत्या भांड्यात गुरुत्वाकर्षणाच्या ६० पटीपर्यंत किंवा त्याहूनही जास्त बल निर्माण होते आणि भांड्याच्या कडांतील खाचांत बाहेरून पाणी सोडून थर सैल ठेवला जातो. ज्या कणांना टेबल धरू शकत नाही ते येथे थांबतात. परंतु हे यंत्र अत्यंत थोडे कॉन्सन्ट्रेट देते, म्हणून ते सोन्याप्लॅटिनमला शोभते आणि कथिलाला सहसा शोभत नाही.

चुंबकीय विलगीकरणाची आठवण नवख्यांना उशिरा होते, पण ते स्वस्तात मोठे काम करते. मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचे जड काळे ऑक्साइड, साध्या कमी तीव्रतेच्या चुंबकीय ड्रमला चिकटते, म्हणून टेबलाच्या आधी ते काढून टाकले की काळ्या वाळूचा निम्मा त्रास संपतो. वुल्फ्रमाइट (टंगस्टनचे खनिज) आणि कॅसिटराइट यांची घनता जवळजवळ सारखी असल्याने टेबल त्यांना वेगळे करू शकत नाही, पण वुल्फ्रमाइट तीव्र चुंबकाकडे ओढले जाते आणि कॅसिटराइट ओढले जात नाही. रुटाइल (टायटॅनियमचे खनिज) आणि झिर्कॉन (झिर्कोनियमचे खनिज) यांच्यात तर चुंबकही कमी पडतो. तेथे एक विद्युतवाहक आणि दुसरे नाही, या फरकाचा उपयोग करतात.

फेनतरणात कणाचा पृष्ठभाग कामाला येतो. झँथेटसारखे रसायन सल्फाइड खनिजाला पाण्यापासून फटकून वागायला लावते, मग तो कण हवेच्या बुडबुड्याला धरून फेसात येतो आणि वाळू खाली राहते. १९०५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे जस्ताच्या टाकाऊ ढिगांवर या पद्धतीने व्यापारी यश मिळवले. आज तांबे, शिसे व जस्त मुख्यतः याच मार्गाने येतात. मात्र यात रसायनांचे प्रमाण, आम्लता, हवा आणि फेसाची जाडी अशा अनेक गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, म्हणून पहिले यंत्र म्हणून मी ते कोणाला सुचवणार नाही. सायनाइडने सोन्याचे अपक्षालन करणे, म्हणजे ते विरघळवून काढणे, तर परवाना, प्रशिक्षण आणि विषारी पाण्याची पूर्ण व्यवस्था असल्याशिवाय करूच नये.

टेबल लावणे आणि चालवणे

शिकण्यासाठी सर्वांत चांगले यंत्र हलते टेबल आहे, कारण त्यावर सगळे विलगीकरण उघड्यावर चालते. १८९० च्या दशकात अमेरिकेतील कोलोराडोमध्ये आर्थर विल्फ्ली यांनी ते प्रचलित केले, आणि शाळेच्या पुस्तकात विल्फ्ली टेबल म्हणून त्याचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. थोडा तिरका ठेवलेला फळा, त्यावर लांबीच्या दिशेने बसवलेल्या आणि कॉन्सन्ट्रेटच्या टोकाकडे उतरत्या होत जाणाऱ्या बारीक पट्ट्या, आणि एका टोकाला धक्का देणारी यंत्रणा एवढेच त्याचे स्वरूप आहे. फळा पुढे सावकाश जातो आणि मागे झटकन येतो. तळाशी टेकलेला जड कण पुढे जाताना फळ्याबरोबर जातो आणि मागच्या झटक्यात जागीच राहतो, म्हणून तो हळूहळू टोकाकडे सरकतो. हलका कण मात्र पट्ट्यांच्या वरून आडव्या वाहणाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरतो.

पाया आधी भक्कम करावा. टेबल जड काँक्रीटवर घट्ट आवळलेले नसेल तर धक्का फळ्याऐवजी जमिनीला बसतो, आणि मग कितीही जुळवाजुळव केली तरी पट्टे स्थिर होत नाहीत. पाणसळ लावून फळ्याची दोन्ही दिशांची पातळी तपासावी, कॉन्सन्ट्रेटचे टोक किंचित उंच ठेवावे, आणि आडवा उतार कमीत कमी ठेवून सुरुवात करावी. फळ्यावर ग्रीस किंवा तेल यांचा अंशही राहू देऊ नये, कारण तेलकट पृष्ठभागावर बारीक सोने पाण्यावर तरंगून जाते.

धक्क्याची लांबी साधारण १० ते २५ मिलिमीटर आणि वेग मिनिटाला २४० ते ३२५ धक्के या मर्यादेत ठेवतात. जाड मालाला लांब आणि सावकाश धक्का लागतो, बारीक मालाला आखूड आणि जलद. सुमारे दीड मिलिमीटरच्या वाळूवर पूर्ण आकाराचे टेबल ताशी २ टनांपर्यंत माल घेऊ शकते, पण १०० ते १५० मायक्रॉनच्या मालावर हीच क्षमता अर्ध्या टनावर येते. माहितीपत्रकातला मोठा आकडा कोणत्या आकाराच्या मालासाठी दिला आहे, हे विचारल्याशिवाय तो हिशोबात धरू नये.

स्लरीत घन पदार्थ वजनाने सुमारे २० ते २५ टक्के असावा. हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक लिटर स्लरी भरून वजन करावे. घन पदार्थाची घनता २.७ असेल तर ११८७ ग्रॅम म्हणजे २५ टक्के घन. त्या वजनाची खूण तराजूवर करून ठेवली की कोणताही कामगार दर अर्ध्या तासाने प्रमाण तपासू शकतो.

चालू करताना आधी धुण्याचे पाणी सोडावे, मग धक्का सुरू करावा आणि फळा सर्वत्र सारखा ओला झाल्यावरच स्लरी सोडावी. काही मिनिटांत पंख्यासारखे पट्टे उमटतात: वरच्या कडेला जड खनिजाची गडद रेघ, तिच्याखाली मिश्र पट्टा आणि सर्वांत खाली फिकट वाळू. आता एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वाळू कॉन्सन्ट्रेटच्या टोकापर्यंत पोहोचत असेल तर पाणी थोडे वाढवावे किंवा आडवा उतार किंचित वाढवावा. गडद रेघ खाली वाळूत सरकत असेल तर पाणी किंवा उतार कमी करावा. फळ्यावर बसवलेल्या पट्ट्यांमध्ये वाळू साचून ढीग होत असतील तर माल जास्त येतो आहे किंवा धक्का अपुरा आहे. पट्टे सतत मागे-पुढे सरकत असतील तर दोष टेबलात नसून येणारा माल एकसारखा नाही, आणि त्यावरचा उपाय फळ्यावर न शोधता माल भरणाऱ्या फीडरपाशी शोधावा. प्रत्येक बदलानंतर किमान पाच-दहा मिनिटे हात मागे ठेवावा. नवशिक्या माणूस पट्टे स्थिर होण्याआधीच दुसरा स्क्रू फिरवतो आणि मग कोणत्या बदलाने काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

गडद रेघ आणि मिश्र पट्टा यांच्या सीमेवर विभाजक ठेवताना मोह आवरावा लागतो. रेघेतला अगदी शुद्ध भागच कॉन्सन्ट्रेट म्हणून घेतला तर दर्जा छान दिसतो, पण उरलेले खनिज मिडलिंगमध्ये जाते. मिडलिंग वेगळे जमवावे, भिंगाखाली पाहावे, कण जोडलेले दिसल्यास पुन्हा दळून टेबलावर आणावे, आणि सुटे दिसल्यास न दळता तसेच परत आणावे. बंद करताना आधी स्लरी थांबवावी, धुण्याचे पाणी व धक्का काही वेळ चालू ठेवून फळा स्वच्छ होऊ द्यावा आणि मगच यंत्र बंद करावे.

हिशोब

कॉन्सन्ट्रेटच्या बादलीकडे सगळेच पाहतात. काम जाणणारा माणूस आधी टेलिंग पाहतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी टेलिंगच्या पूर्ण प्रवाहातून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच वेगाने भांडे फिरवून नमुना घ्यावा. भांड्याचे तोंड सर्वांत मोठ्या कणाच्या किमान तिप्पट रुंद असावे. दिवसभराचे नमुने एकत्र करून वाळवावेत आणि मूळ माल, कॉन्सन्ट्रेट व टेलिंग अशा तिन्हींचे परीक्षण करून घ्यावे.

समजा मूळ मालात कथील १ टक्का, कॉन्सन्ट्रेटमध्ये ४० टक्के आणि टेलिंगमध्ये ०.३ टक्के आहे. मूळ माल वजा टेलिंग म्हणजे ०.७; त्याला ४० ने गुणून २८ येतात. कॉन्सन्ट्रेट वजा टेलिंग म्हणजे ३९.७, त्याला मूळ मालाच्या १ ने गुणले तरी ३९.७ च राहतात. २८ ला ३९.७ ने भागले की सुमारे ७०.५ टक्के ही प्राप्ती, म्हणजे मूळ मालातल्या कथिलापैकी कॉन्सन्ट्रेटमध्ये आलेला भाग, मिळते. ३९.७ ला ०.७ ने भागल्यास सुमारे ५७ येतात, म्हणजे १ टन कॉन्सन्ट्रेटसाठी ५७ टन माल टेबलावरून गेला आहे. दर्जा ४० टक्क्यांवर गेला म्हणून आनंद होतो तेव्हाच जवळजवळ तीस टक्के कथील वाहून गेलेले असते, आणि ते केवळ हा हिशोब सांगतो.

ते कोठे गेले हे शोधण्यासाठी टेलिंग पुन्हा चाळून प्रत्येक आकारगटाचे वेगळे परीक्षण करावे. जाड गटात कथील सापडले तर दळण अपुरे आहे, सर्वांत बारीक गटात सापडले तर दळण जास्त झाले आहे किंवा चिखल नीट निघालेला नाही, आणि मधल्या गटात सुटे कण सापडले तरच टेबलाच्या जुळवणीला दोष द्यावा. माझ्या अनुभवात हा तिसरा प्रकार लोक समजतात त्यापेक्षा बराच विरळा असतो.

सफाई आणि सुरक्षितता

टेबलावरचे सोन्याचे कॉन्सन्ट्रेट वाळवून त्यातले मॅग्नेटाइट हातातल्या चुंबकाने काढावे. चुंबकाला कागद किंवा प्लास्टिक गुंडाळावे आणि काढलेली पूड पुन्हा एकदा पाण्यात सोडून चुंबकाने उचलावी, कारण तिच्यात अडकून सोनेही येते. त्यानंतर लहान टेबलावर किंवा पॅनमध्ये पुन्हा धुऊन थेट टाकणखार घालून मुशीत वितळवता येते. यासाठी पारा वापरू नये. पारा आणि सोने यांचे मिश्रण उघड्यावर तापवताना निघणारी वाफ मज्जासंस्थेला कायमची इजा करते, आणि २०१३ मध्ये स्वीकारलेल्या व २०१७ पासून लागू झालेल्या मिनामाता कराराने लहान सोनेखाणींतील पाऱ्याचा वापर कमी करून शक्य तेथे संपवण्याचे बंधन घातले आहे. कॉन्सन्ट्रेटमध्ये आर्सेनोपायराइट असेल तर ते भाजण्याचा विचारही करू नये, कारण त्यातून आर्सेनिक ट्रायऑक्साइडची विषारी वाफ निघते.

क्वार्ट्झची कोरडी धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. क्रशरवर पाण्याचे फवारे लावावेत, चाळणे शक्य तो ओले करावे, आणि कोरड्या नमुन्यांवर काम करताना कापडी रुमालाऐवजी बारीक कण अडवणारा श्वसनमुखवटा वापरावा. धक्का देणाऱ्या यंत्रणेवर आणि तिला फिरवणाऱ्या बेल्टवर जाळी असल्याशिवाय टेबल चालवू नये.

पाणी पुन्हा वापरायचे असेल तर टेलिंगसाठी किमान दोन हौद ठेवावेत: पहिल्यात वाळू बसते, दुसऱ्यात चिखल, आणि दुसऱ्याच्या वरचे निवळ पाणीच टेबलाकडे परत येते. गढूळ पाणी परत आणल्यास आधी मेहनतीने काढलेला चिखल पुन्हा टेबलावर येतो आणि एक-दोन दिवसांत प्राप्ती घसरू लागते. मालात पायराइट असेल तर टेलिंगचा ढीग हवेत उघडा राहिल्यावर त्यातून आम्लयुक्त पाणी झिरपते, म्हणून अस्तर नसलेल्या खड्ड्यात तो टाकू नये. प्रत्येक दिवसाच्या टेलिंगचा वाळवलेला, तारीख लिहिलेला एक किलो नमुना डब्यात जपून ठेवावा. पुढे दळण बदलले, दुसरे यंत्र आले किंवा हिशोब जुळेनासा झाला, तर त्या तारखेचा डबा उघडून पुन्हा परीक्षण करता येते.